गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा की आयफोन १७ प्रो? केवळ साइटवरच्या कामाचा विचार करून सांगावे

गिलावा (धागाकर्ता), २ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि माझे बहुतेक काम पुण्यातील जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या इमारती तपासण्याचे आहे. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे ३ वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागते. त्यामुळे कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत ऐंशी-नव्वदच्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारती आता एकामागून एक तपासणीला येत आहेत. एका इमारतीमागे दोनशे-अडीचशे छायाचित्रे होतात, त्यांतील निम्म्यांवर भेगेची खूण, लांबी आणि मजला लिहावा लागतो, आणि हे लिहायला रात्री घरी बसले की कोणती भेग कोणत्या खोलीतली, तेच आठवेनासे होते.

सहा वर्षे वापरलेल्या फोनची बॅटरी आता दुपारच्या डब्यापर्यंतसुद्धा पुरत नाही. नवा फोन पुढची सहा वर्षे तरी चालावा, म्हणून वरच्या दर्जाचाच घ्यायचे ठरवले आहे. निवड दोनांवर येऊन थांबली आहे: गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा (२५६ जीबी, बाजारात आला तेव्हाची किंमत १,२९,९९९ रुपये) आणि आयफोन १७ प्रो (२५६ जीबी, १,३४,९०० रुपये). १७ प्रो मॅक्समध्ये मागचे कॅमेरे तेच आहेत. मोठ्या पडद्यासाठी आणि बॅटरीसाठी आणखी १५,००० रुपये मोजण्याची माझी तयारी नाही.

अडचण अशी की घर एका बाजूला आहे आणि कचेरी दुसऱ्या बाजूला. पत्नी आयफोन वापरते, जर्मनीत शिकणारी मुलगीही आयफोनच वापरते आणि रविवारी संध्याकाळी फेसटाइमवर (ॲपलच्या व्हिडिओ कॉलवर) भेटायचे, हा आमच्या घरचा नेम आहे. कचेरीत मात्र सगळे विंडोज लॅपटॉप आहेत. मी खेळ खेळत नाही आणि स्वतःचे फोटो काढत नाही. तेव्हा 'कोणता फोन भारी' हा वाद इथे नको. खालून दिसणारी चौथ्या मजल्याच्या छज्ज्याची भेग, जिन्याखालचा अंधारातला ओलावा, एप्रिलमधली गच्ची आणि सिमेंटची धूळ, एवढ्यापुरतेच बोलावे ही विनंती.

अर्धविराम, २ नोव्हेंबर

सॅमसंग दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास नवा अल्ट्रा आणते. तोपर्यंत थांबलात तर नवा तरी मिळेल किंवा हाच आणखी स्वस्त तरी मिळेल. बाकी चर्चा चालू द्या.

गिलावा, २ नोव्हेंबर

थांबता आले असते तर धागाच काढला नसता. डिसेंबरात तीन इमारती हातात आहेत.

दूरदर्शक, ३ नोव्हेंबर

आधी झूमबद्दल लिहितो, कारण दुकानात सर्वांत जास्त दिशाभूल तिथेच होते. एस२५ अल्ट्रामध्ये लांबचे पाहणारी दोन भिंगे आहेत, एक ३ पटींचे १० मेगापिक्सेलचे आणि दुसरे ५ पटींचे ५० मेगापिक्सेलचे. आयफोन १७ प्रोमध्ये असे एकच भिंग आहे, ४ पटींचे, ४८ मेगापिक्सेलचे, आणि त्याच्याच संवेदकाचा मधला भाग वापरून तो ८ पटींचे १२ मेगापिक्सेलचे चित्र देतो. सॅमसंगच्या जाहिरातीतले '१०० पट' आणि ॲपलचे '४० पट' हे दोन्ही आकडे डिजिटल झूमचे आहेत, म्हणजे हाती असलेले चित्र ताणून मोठे केलेले असते. तुमच्या अहवालाच्या दृष्टीने त्यांची किंमत शून्य आहे.

आता थोडे गणित करू. जमिनीवरून चौथ्या मजल्याचा छज्जा १२ मीटर अंतरावर आहे असे धरा. सॅमसंगच्या ५ पटींच्या भिंगातून तिथली सुमारे ३.९ मीटर रुंदीची भिंत दिसते आणि ५० मेगापिक्सेलच्या चित्रात ती साधारण ८,१६० बिंदूंवर (पिक्सेलवर) पसरते, म्हणजे एक बिंदू भिंतीवरच्या जवळपास अर्ध्या मिलिमीटरएवढा होतो. आयफोनच्या ४ पटींच्या भिंगाचे गणितही अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वरच येते. तुमच्याच क्षेत्रातल्या आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात भेगेच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा ०.३ मिलिमीटर आहे. ती भेग दोन्ही फोनांत एका बिंदूपेक्षाही बारीक पडते. काळी रेघ म्हणून ती दिसेल, पण रुंद किती हे खालून काढलेल्या फोटोवरून कोणत्याच फोनला सांगता येणार नाही. शिवाय हे सारे पूर्ण मेगापिक्सेलवर फोटो काढला तरच खरे आहे. नेहमीच्या १२ मेगापिक्सेलच्या चित्रात एक बिंदू जवळजवळ एक मिलिमीटरचा होतो.

थोडक्यात, लांबून भेग शोधण्याच्या कामात दोघे तुल्यबळ आहेत. सॅमसंगला ३ पटींचे वेगळे भिंग असल्यामुळे मधल्या अंतरावर, म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंत, थोडी सोय अधिक आहे एवढेच.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून एस२३ अल्ट्राने त्याचा फोटो काढला होता आणि मूळ चित्रात नसलेली विवरे फोटोत उमटली होती. चंद्राच्या फोटोत एआयच्या साहाय्याने तपशील सुधारला जातो, हे सॅमसंगने स्वतःच मान्य केले आहे. भिंतीला फोन चंद्र समजणार नाही, हे मला कळते. पण चित्र धारदार करणे, ठिपके पुसणे या गोष्टी दोन्ही कंपन्यांचे फोन करतात, आणि केसासारखी भेग नेमकी अशाच ठिकाणी नाहीशी होते किंवा नसलेली उमटते. ज्या फोटोवरून एखाद्या संस्थेचा दुरुस्तीचा लाखोंचा खर्च ठरायचा आहे, तो शक्यतो 'रॉ' स्वरूपात, म्हणजे फोनने असे संस्कार करण्याआधीच्या मूळ रूपात काढावा. ती सोय दोघांतही आहे.

हिशेबनीस, ३ नोव्हेंबर

आपण जीएसटीखाली नोंदणीकृत असाल आणि फोन खरोखर व्यवसायासाठीच असेल, तर बिलावर आपला क्रमांक घालायला विसरू नका. मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. या २२ सप्टेंबरला अनेक वस्तूंचे दर उतरले तरी मोबाइलचा उतरलेला नाही. १,३४,९०० रुपयांत सुमारे २०,५७८ रुपये आणि १,२९,९९९ रुपयांत सुमारे १९,८३० रुपये कराचेच आहेत. त्यांचे इनपुट क्रेडिट घेतले, म्हणजे तो कर आपल्याला भरायच्या जीएसटीतून वजा केला, तर त्या रकमेवर पुन्हा घसारा मागता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे असे की आयफोनला जुन्याच्या बाजारात चांगली किंमत येते, हे खरे असले तरी तो मुद्दा दोन-तीन वर्षांत फोन बदलणाऱ्यांचा आहे. सहा वर्षे वापरून झाल्यावर दोन्ही फोन जवळपास सारख्याच भावात घरातल्या खणात पडून राहतात.

अर्धविराम, ३ नोव्हेंबर

वापराच्या वर्षांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. सॅमसंगने सात वर्षे अद्ययावत प्रणाली आणि सुरक्षा देण्याचे वचन दिले आहे, परंतु ती सात वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजायची असतात, आपण घेतल्यापासून नव्हे. हा फोन जानेवारी २०२५ मधला आहे, म्हणजे २०३२ च्या सुरुवातीपर्यंत. ॲपल आपल्याकडे असा आकडा जाहिरातीत सांगत नाही. मात्र २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चे आयओएस १८ (आयफोनची प्रणाली) मिळाले होते आणि त्यापुढच्याच, २०२५ च्या आयओएस २६ मध्ये तो वगळला गेला, यावरून अंदाज बांधता येतो. सहा वर्षांसाठी दोन्ही पुरेसे आहेत.

चौथी_भिंत, ४ नोव्हेंबर

मी घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करते, म्हणून अद्याप कुणीच न काढलेला मुद्दा मांडते. आयफोनच्या प्रो मालिकेत २०२० च्या १२ प्रोपासून लायडार आहे. तो प्रकाशाचे अदृश्य किरण टाकून ५ मीटरपर्यंतच्या वस्तूंची अंतरे मोजतो. एस२५ अल्ट्रामध्ये अशी व्यवस्था नाही. खोलीत फोन धरून एक फेरी मारली की भिंती, दारे, खिडक्या यांच्यासह आराखडा तयार होतो. जुन्या संस्थांकडे मूळ नकाशे बहुधा सापडत नाहीत, असलेच तर सचिवांच्या माळ्यावर वाळवीने खाल्लेले असतात. अशा वेळी भेग कोणत्या खोलीत कुठे आहे, हे दाखवायला आराखडा हाताशी असणे ही लहान गोष्ट नव्हे. आपण ज्याला कामाची बाजू म्हणता, ती सगळी सॅमसंगकडेच झुकते, असे मला वाटत नाही.

गिलावा, ४ नोव्हेंबर

चौथी_भिंत, हा मुद्दा माझ्या डोक्यात खरोखरच नव्हता. गेल्याच महिन्यात एका संस्थेचा पूर्ण मजला आम्ही दोघांनी टेप धरून मोजला होता आणि त्यात अख्खी सकाळ गेली. आता गाडी पुन्हा मूळ पदावर आली.

बोरघाट, ४ नोव्हेंबर

मी गेली दीड वर्षे एस२४ अल्ट्रा वापरत आहे आणि व्यवसायाने विमा सर्वेक्षक आहे, म्हणजे आपल्या शेजारच्याच गल्लीतला. अल्ट्राच्या अंगातच बसणाऱ्या पेनबद्दल लोकांच्या मनात दोन टोकाचे समज असतात. काहींना ते खेळणे वाटते आणि काहींना त्यातच सारे दिसते. माझा अनुभव असा की फोटो काढल्या काढल्या त्यावर गोल करून 'उत्तर बाजू, बीम, २.४ मी.' असे लिहिता आले, तर संध्याकाळचे निम्मे काम उरतच नाही. आयफोनमध्येही फोटोवर खुणा करता येतात, परंतु बोटाने. ॲपलची पेन्सिल आयपॅडवर चालते, आयफोनवर चालत नाही. बाजारात मिळणाऱ्या रबरी टोकाच्या पेनांनी गोल काढता येतो. बारीक अक्षर लिहिणे मला तरी जमलेले नाही. खुणा करताना मूळ फोटो शाबूत ठेवून वेगळी प्रत जतन करावी.

मात्र एक गोष्ट विक्रेता आपणहून सांगणार नाही. एस२४ अल्ट्राच्या पेनमध्ये ब्लूटूथ होते. फोन लांब काठीला लावून छज्ज्याखाली धरायचा आणि खालून पेनचे बटण दाबून फोटो काढायचा, हे मी सर्रास करतो. एस२५ अल्ट्राच्या पेनमधून ब्लूटूथ काढून टाकले आहे. आता त्यासाठी घड्याळ किंवा वेगळा रिमोट घ्यावा लागतो. ॲपलच्या घड्याळावर तर कॅमेऱ्यात काय दिसते आहे तेही दिसते. तेव्हा केवळ काठीच्या कामासाठी कुणी अल्ट्रा घेणार असेल, तर त्याने विचार करावा.

धुळीबद्दल सांगायचे तर दोन्ही फोन आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) आहेत. ॲपल ६ मीटर आणि सॅमसंग १.५ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटांचा दावा करते, पण हे मोजमाप प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्याचे असते. माझ्या आधीच्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात सिमेंटची धूळ बसून ती पावसात घट्ट झाली होती. सेवा केंद्राने 'द्रवामुळे बिघाड' असा शिक्का मारून हमी नाकारली आणि मला मुकाट्याने पैसे भरावे लागले. कंपनी कोणती होती, याला महत्त्व नाही. हमीच्या अटी वाचून पाहा, दोघांच्याही सारख्याच आहेत.

माळ्यावरची, ५ नोव्हेंबर

घराच्या बाजूचा फार बाऊ करू नये असे मला वाटते. २०२१ मधल्या आयओएस १५ पासून फेसटाइमचा दुवा पाठवता येतो आणि अँड्रॉइडवाल्याला ब्राउझरमधून सामील होता येते. त्याला स्वतःहून फोन लावता येत नाही, इतकेच. कन्या दुवा पाठवील, आपण उघडाल. नाहीतर वहिनींचा फोन मध्ये ठेवून दोघे शेजारी बसा, म्हणजे फोनचा प्रश्नच मिटला.

दोन क्रमांक वापरत असाल तर तेही पाहून घ्या. आपल्याकडच्या एस२५ अल्ट्रामध्ये दोन सिमकार्डे बसतात, आयफोन १७ प्रोमध्ये एक बसते आणि दुसरा क्रमांक ई-सिमवर न्यावा लागतो. कंत्राटदाराशी झालेले बोलणे नोंदवून ठेवायचे असेल तर आयफोनमध्ये ती सोय आयओएस १८.१ पासून आली आहे, पण नोंदणी सुरू झाल्याची घोषणा दोन्ही बाजूंना ऐकू येते. घोषणा ऐकून कंत्राटदार एकदम शुद्ध मराठी बोलू लागतो, असा आमच्या यजमानांचा अनुभव आहे. माझ्या मते सांगून नोंदवणे हेच योग्य आहे, त्यामुळे हा मी आयफोनचा दोष मानत नाही.

मराठीबद्दल कुणी विचारण्याआधीच लिहून टाकते: आयओएस १८.४ पासून आयफोनची संपूर्ण प्रणाली मराठीत ठेवता येते. सॅमसंगमध्ये ती सोय आधीपासून आहे.

तळजाई, ५ नोव्हेंबर

उन्हाचा मुद्दा राहिला. ॲपलच्या कागदपत्रांत आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असे म्हटले आहे, आणि एप्रिलमधली पुण्यातली गच्ची ही मर्यादा सकाळी अकरालाच ओलांडते. १७ प्रोमध्ये उष्णता पसरवणारा बाष्पकक्ष आणि ॲल्युमिनियमचे अंग आहे. एस२५ अल्ट्रातही बाष्पकक्ष आहे. तरीही उन्हात सलग चित्रण केले तर कोणताही फोन पडद्याचा उजेड कमी करतो. टोपी स्वतःला घालतो तशी फोनलाही सावली द्यावी.

दोघांच्याही पडद्यांवर चकाकी कमी करणारा थर आहे आणि उन्हात भेग पाहायला तो फार उपयोगी आहे. पण फोन घेतल्या घेतल्या तपकीर गल्लीत जाऊन दीडशे रुपयांची टेम्पर्ड काच चिकटवली, तर त्या थरासाठी मोजलेले पैसे काचेखाली गाडले गेले असे समजा.

गिलावा, १० नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. काल भाच्याचा एस२५ अल्ट्रा आणि एका सहकाऱ्याचा १७ प्रो, असे दोन्ही फोन दिवसभरासाठी मागून घेतले आणि आमच्याच इमारतीवर प्रयोग केला. त्याआधी शनिवारी कोरेगाव पार्कच्या कोपा मॉलमध्ये सप्टेंबरमध्ये उघडलेल्या ॲपलच्या दुकानातही जाऊन आलो. तिथे फोन निवांत हाताळता येतो, पण तिथल्या भिंतींना भेगा नाहीत.

दूरदर्शक यांचे गणित तंतोतंत खरे ठरले. चौथ्या मजल्याच्या छज्ज्याची भेग दुपारच्या उजेडात दोन्ही फोनांत दिसली आणि तिची रुंदी दोन्हींत कळली नाही. संध्याकाळी सहानंतर मी मुद्दाम ३० पट झूम करून पाहिले, तर सॅमसंगने रंगाच्या ओघळाची सुरेख तडा गेल्यासारखी रेघ करून दाखवली. आयफोनला ८ पटींपुढे नेल्यावर त्याने खरी भेगही गिलाव्यात मिसळून टाकली. एकाने जास्त सांगितले, एकाने कमी. रुंदीसाठी मी आजवर जसा झुला बांधून पट्टी लावत आलो, तसाच पुढेही लावणार.

लायडारने मला खरोखर चकित केले. आमच्या दिवाणखान्याचा आराखडा दोन मिनिटांत तयार झाला. नंतर लेझर मीटरने मोजले तेव्हा लांब भिंतीत दोन इंचांचा फरक निघाला. भेगेची जागा दाखवायला एवढी अचूकता पुरेशी आहे. कपाट करून घ्यायचे असेल तर पुरणार नाही, पण तो विषय चौथी_भिंत यांचा आहे.

मग मी वही घेऊन बसलो आणि गेल्या तीन इमारतींच्या नोंदी चाळल्या. आराखडा प्रत्येक इमारतीत एकदाच लागला होता. मजले एकसारखे असल्यामुळे एक मजला मोजला की काम भागते, आणि ते मोजायला माझ्याकडे दोन मदतनीस व लेझर मीटर आहेत. फोटोवर खुणा मात्र एका इमारतीत १४०, दुसरीत ११५ आणि तिसरीत १६० वेळा केल्या होत्या, आणि ते काम मी एकट्यानेच, रात्री, चष्मा कपाळावर सरकवून केले होते. काल भाच्याच्या फोनवर पेनने चाळीस फोटोंवर खुणा करून पाहिल्या. उभ्या उभ्या, जिन्यात, पाऊण तासात झाल्या. आयफोनवर बोटाने बारा केल्या आणि तेराव्याला माझेच अक्षर मला वाचता येईना.

यामुळे एस२५ अल्ट्रा घ्यायचे ठरवले आहे. आयफोनचे फोटो एचईआयसी स्वरूपात येतात आणि कचेरीच्या जुन्या विंडोजवर ते उघडत नाहीत, ही तक्रार मी यादीतून काढून टाकली आहे, कारण सेटिंगमध्ये एक पर्याय बदलला की तेही जेपेगमध्ये निघतात. नावडत्या बाजूवर खोटा दोष ठेवायला नको.

चौथी_भिंत, १० नोव्हेंबर

निर्णय पटला, तरीही एक विचारते. खुणांसाठी आयपॅड आणि पेन्सिल, आणि खिशात आयफोन, असा विचार केला नाही का?

गिलावा, १० नोव्हेंबर

केला होता. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फोन, खांद्याला हातोडीची पिशवी आणि समोर संस्थेचे अध्यक्ष, अशा स्थितीत आयपॅड कुठे धरायचा हे कळेना.

हिशेबनीस, ११ नोव्हेंबर

बिलावर क्रमांक.

गिलावा, २३ नोव्हेंबर

ज्यांनी वेळ दिला त्यांना कळवणे भाग आहे, म्हणून लिहितो. फोन घेतला, बिलावर क्रमांक घातला, काच चिकटवलेली नाही. दुकानातला मुलगा ती चिकटवल्याशिवाय फोन हातात द्यायलाच तयार नव्हता. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज होईल असे सेटिंग करून ठेवले आहे, तरी संध्याकाळी सातला ३० टक्के उरते. दोनशे अठरा ग्रॅम वजन शर्टाच्या खिशाला मात्र सोसत नाही. कापड पुढे ओढले जाते आणि वाकल्यावर फोन बाहेर डोकावतो, म्हणून तो आता पँटच्या खिशात असतो. फेसटाइमसाठी माळ्यावरची यांचा दुसरा उपाय अमलात आणला आहे.

काल सहकारनगरच्या एका संस्थेत पहिल्यांदाच पूर्ण तपासणी या फोनवर केली. १३० खुणा जागेवरच झाल्या आणि रात्री केवळ क्रम लावायचा उरला. एक अडचण मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर सचिवांनी 'बघू जरा' म्हणून पेन मागून घेतले आणि दुसऱ्या सदनिकेच्या फोटोवर, जिथे काहीच नव्हते तिथे, बाण काढून आपल्या स्वयंपाकघरातली गळती लिहिली. मी ती पुसली. गच्चीवर पोहोचेपर्यंत त्यांनी ती पुन्हा लिहिली होती, या वेळी लाल रंगात.